बोरघाट चढायला टर्बो गाडीचं ट्यूनिंग करताय? आधी हे हिशोब समजून घ्या

कर्जत स्टेशनवर पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांना मागून जादा इंजिनं जोडली जातात. रेल्वेच्या भाषेत त्यांना 'बँकर' म्हणतात. बोरघाटात रेल्वेमार्गाचा चढ काही ठिकाणी ३७ मीटरला १ मीटर इतका आहे. १८६३ साली हा घाटमार्ग सुरू झाला, आणि आजही इथे बहुतेक गाड्यांना मागून जोर लावावा लागतो.

रस्त्याने जाणाऱ्यांना बँकर मिळत नाही. खालापूरचा टोलनाका मागे पडला, खोपोली गेली आणि चढ सुरू झाला की चार माणसं आणि सामान भरलेली गाडी दम टाकते. मग इन्स्टाग्रामवर 'स्टेज १ रीमॅप'चे रील दिसायला लागतात. लॅपटॉप जोडला, तासाभरात फाइल टाकली, गाडी पळायला लागली. इतकं सोपं आहे का हे? कुठले पार्ट आधी बदलायचे, किती ताकद मागायची आणि कुठे थांबायचं?

घाटाला खरंच किती ताकद लागते?

माणसं धरून १,४०० किलो वजनाची गाडी ताशी ६० किमी वेगाने चढतेय असं समजू. चढ १०० मीटरला ५ मीटर. नुसतं हे वजन वर नेण्यासाठी साधारण १५ ते १६ हॉर्सपॉवर लागतात. हवेचा आणि टायरचा अडथळा धरला तर आकडा २५च्या आसपास जातो. अगदी साध्या १.२ लिटर गाडीतही ८० हॉर्सपॉवर असतात.

मग गाडी दम का टाकते? कारण ते ८० हॉर्सपॉवर साधारण ६,००० आरपीएमला मिळतात. ट्रकच्या मागे चौथ्या गिअरमध्ये १,५०० आरपीएमवर रेंगाळताना त्यातले थोडेच हाताशी असतात. म्हणजे घाटात हवा असतो कमी आरपीएमला मिळणारा टॉर्क. बहुतेक वेळा एक गिअर खाली टाकला तरी काम होतं. ट्यूनिंगवर पैसे घालण्याआधी हा फुकटचा उपाय करून बघायला हरकत नाही.

टर्बो नेमकं काय करतो?

इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम धुराच्या जोरावर एक चक्र फिरतं. त्याच दांड्यावर दुसऱ्या टोकाला बसवलेलं चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात भरतं. जास्त हवा म्हणजे जास्त पेट्रोल जाळता येतं, आणि जास्त पेट्रोल म्हणजे जास्त ताकद.

घाटात याचा आणखी एक फायदा होतो. खोपोलीपेक्षा खंडाळा जवळपास ५०० मीटर उंच आहे. तिथे हवा साधारण ५ टक्के विरळ असते. साध्या इंजिनाची ताकद जवळपास तेवढीच घटते. टर्बो मात्र थोडा जास्त वेगाने फिरून ही तूट भरून काढतो.

मोठा टर्बो लावला तर?

इथेच सगळ्यात जास्त पैसे वाया जातात. १.२ लिटरचं इंजिन ५,५०० आरपीएमला मिनिटाला साधारण ३.४ किलो हवा ओढतं. मिनिटाला १ किलो हवा म्हणजे अंदाजे २२ हॉर्सपॉवर, असा ढोबळ हिशोब ट्यूनर धरतात. म्हणजे टर्बोशिवाय ७५. एक बारचा बूस्ट दिला तर, हवा गरम झाल्यामुळे होणारी तूट वजा करून, १३०-१३५ पर्यंत जाता येतं.

प्रत्येक टर्बोचा एक नकाशा असतो. किती दाबाला किती हवा तो नीट देऊ शकतो, हे त्यात दिसतं. आपल्या इंजिनाची गरज त्या नकाशाच्या मधोमध पडायला हवी. टर्बो फार मोठा असेल तर तो फिरायलाच ३,००० किंवा ३,५०० आरपीएम लागतात. त्याच्या खाली गाडी आधीपेक्षाही मंद वाटते, म्हणजे नेमकी घाटात जिथे गरज आहे तिथेच. टर्बो फार छोटा असेल तर वरच्या आरपीएमला त्याचा श्वास कोंडतो आणि हवा नुसती तापते. रोजच्या गाडीसाठी कंपनीचाच टर्बो बहुतेकदा योग्य मापाचा असतो.

मे महिन्यातला कर्जत आणि इंटरकूलर

हवा दाबली की ती तापते. उन्हाळ्यात कर्जत-खालापूर पट्ट्यात पारा चाळिशी गाठतो. ४० अंशांची हवा टर्बोने दुप्पट दाबली तर बाहेर पडताना ती १३० ते १४० अंशांपर्यंत गेलेली असते. तशीच आत गेली तर प्लगची ठिणगी पडण्याच्या वेळेआधी किंवा भलत्याच ठिकाणी पेट्रोल पेटायला लागतं. यालाच नॉकिंग म्हणतात. पिस्टनवर आतून हातोडा मारल्यासारखं ते असतं.

ही हवा थंड करण्याचं काम इंटरकूलर करतो. पण समोरून वारा मिळाला तरच. सुट्टीच्या दिवशी अमृतांजन पॉइंटच्या आसपास गाड्या मुंगीच्या पावलाने सरकतात, तेव्हा इंटरकूलर स्वतःच तापून बसतो. म्हणून बूस्ट वाढवण्याआधी इंटरकूलर, कूलंट आणि रेडिएटरचा पंखा ठीक आहे ना, हे बघावं लागतं. जानेवारीच्या सकाळी घेतलेली ट्रायल मे महिन्याच्या दुपारबद्दल फारसं काही सांगत नाही.

पेट्रोल कुठलं धरून मॅप बनवायचा?

आता पंपावरच्या साध्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉलचं ऑक्टेन जास्त असल्यामुळे नॉकिंग टळायला मदत होते. पण लिटरमागे त्यात पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. त्यामुळे तेवढ्याच हवेसाठी इंजेक्टरला ७ ते ८ टक्के जास्त इंधन सोडावं लागतं. कंपनीच्या ट्यूनिंगमध्ये यासाठी थोडी जागा असते. रीमॅपने इंजेक्टर आणि फ्युएल पंप आधीच शेवटाला नेले असतील तर ती जागा संपते. मग मिश्रणात पेट्रोल कमी पडतं, सिलिंडरमधलं तापमान चढतं आणि पिस्टन किंवा व्हॉल्व्ह जळू शकतो.

दुसरी चूक म्हणजे १०० ऑक्टेनचं महागडं पेट्रोल धरून मॅप बनवायचा आणि नंतर मिळेल ते भरायचं. नॉक सेन्सर अशा वेळी ठिणगीची वेळ मागे घेऊन इंजिन वाचवायचा प्रयत्न करतो. म्हणजे ज्या ताकदीसाठी पैसे मोजले, ती तर जातेच, शिवाय बचावाची कडाही रोज वापरली जाते. तुम्ही नेहमी ज्या पंपावर, जे पेट्रोल भरता, त्यावरच मॅप बनवून घ्यावा.

कमी आरपीएमला जास्त टॉर्क, हाही धोकाच

रीमॅप केलेली गाडी १,५०० आरपीएमलाच उसळी घेते, ते आवडतंही. पण डायरेक्ट इंजेक्शनच्या छोट्या टर्बो इंजिनात कमी आरपीएमला जास्त दाब आला, तर ठिणगी पडायच्या आधीच मिश्रण पेटण्याचा धोका असतो. एका जोरदार झटक्यातही पिस्टनचा तुकडा पडू शकतो. हे टाळण्यासाठी २०२० मध्ये आलेल्या एपीआय एसपी दर्जाच्या ऑइलमध्ये खास चाचणी ठेवली आहे. ऑइल घेताना डब्यावर हा दर्जा आणि कंपनीने सांगितलेला ग्रेड, दोन्ही बघा. आणि चढावर वरच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर तळाला दाबून ठेवू नका.

गिअरबॉक्सला विचारलंत का?

इंजिनाने दिलेला टॉर्क चाकांपर्यंत क्लच आणि गिअरबॉक्समधूनच जातो. आपल्याकडचं नेमकं उदाहरण घेऊ. चाकणला बनणाऱ्या फोक्सवॅगन टायगुन, व्हर्टस आणि स्कोडा कुशाक, स्लाव्हिया या गाड्यांचं १.५ लिटर टीएसआय इंजिन २५० न्यूटन मीटर टॉर्क देतं. त्याला जोडलेल्या सात गिअरच्या ड्राय क्लच डीएसजीची मर्यादाही २५० न्यूटन मीटरच आहे. म्हणजे कंपनीतून बाहेर पडतानाच गिअरबॉक्स काठोकाठ भरलेला आहे. त्याच गिअरबॉक्सला जोडलेल्या जुन्या पोलो जीटीच्या १.२ टीएसआयचा टॉर्क १७५ होता. तिथे वाव बराच होता.

त्यामुळे 'किती हॉर्सपॉवर वाढेल' हे विचारण्याआधी 'माझा क्लच आणि गिअरबॉक्स किती टॉर्क झेलतो' हे विचारा. मॅन्युअल गाडीत क्लच प्लेट घसरायला लागली की आरपीएम वाढतो, पण गाडी पुढे सरकत नाही. घाटात हे सगळ्यात आधी जाणवतं.

मग क्रम काय असावा?

१. आधी तपासणी. कॉम्प्रेशन टेस्ट, बूस्टच्या पाइपमधली गळती, कॉइल आणि प्लग. अनेकदा 'पिकअप गेला' याचं कारण फाटलेला पाइप किंवा तुंबलेला एअर फिल्टर असतो.

२. ब्रेक आणि टायर. १,२०० किलोची गाडी ५०० मीटर खाली उतरताना जितकी ऊर्जा सोडते, ती गाडी ताशी १०० किमीवरून १२-१३ वेळा थांबवण्याइतकी असते. इंजिन ब्रेकिंग वापरलं नाही तर ती जवळपास सगळी ब्रेकमध्ये उष्णता होऊन साठते. ब्रेक ऑइल जुनं असेल तर ते उकळून पेडल खाली जाऊ शकतं.

३. थंडावा. इंटरकूलर, कूलंट, ऑइल.

४. त्यानंतर मॅप. डायनोवर मोजून आणि लॉग बघून. नॉक, आत जाणाऱ्या हवेचं तापमान, हवा-इंधन प्रमाण आणि बूस्ट यांचे आकडे जो ट्यूनर दाखवत नाही, त्याला गाडी देऊ नये. मूळ फाइलची प्रतही मागून घ्यावी.

५. मोठा टर्बो, फोर्ज्ड पिस्टन आणि कनेक्टिंग रॉड सगळ्यात शेवटी. तेही ट्रॅकसाठी वेगळी गाडी असेल तरच.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीच्या मूळ रचनेत मनाप्रमाणे बदल करता येत नाहीत. कंपनीने ठरवलेल्या मूळ वैशिष्ट्यांपेक्षा वेगळी गाडी चालणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढलेला डाउनपाइप तर थेट प्रदूषणाच्या नियमांत अडकतो.

रीमॅप डोळ्यांना दिसत नाही, म्हणून अनेकांना तो सुरक्षित वाटतो. पण वॉरंटीचा दावा करताना सर्व्हिस सेंटरला तो सापडू शकतो. अपघात झाल्यावर, विमा कंपनीला न कळवलेला बदल निघाला तर दावा अडकू शकतो. तिसऱ्या माणसाला इजा झाली असेल, तर हा प्रश्न फक्त पैशांचा राहत नाही.

एक्स्प्रेसवेच्या सपाट भागात कारसाठी वेगमर्यादा ताशी १०० किमी आहे, घाटात त्याहून बरीच कमी, आणि मोजायला कॅमेरे आहेत. वेग अजमावायचाच असेल तर चेन्नई आणि कोइम्बतूरचे ट्रॅक आहेत. लोणावळ्याजवळच्या ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवरही 'द व्हॅली रन' ही ड्रॅग रेस झालेली आहे.

घाट चढायला २५ हॉर्सपॉवर पुरतात. उरलेली ताकद कशासाठी हवी आहे, याचं उत्तर गॅरेजमध्ये जाण्याआधी स्वतःकडे असलं, तर कुठला पार्ट घ्यायचा हे ठरवणं बरंच सोपं होतं. आणि घाट उतरताना जे ब्रेक लागणार आहेत, त्यांचा खर्च त्या यादीत पहिल्या ओळीत लिहा.