शर्यत, पैज आणि धडधड

टाकवे बुद्रुकचे एक गृहस्थ झोप न येणे व छातीत धडधड या तक्रारी घेऊन माझ्याकडे येत. ईसीजी निर्दोष, रक्तदाब मात्र पावसाळ्यातच चढलेला. दोन वर्षे मी गोळ्याच बदलत राहिलो. अखेर पत्नी म्हणाली, "डॉक्टरसाहेब, हे कान्ह्याहून लोकलने पुण्याला रेसला जातात." पुण्याचा हंगाम पावसाळ्यातलाच, हे तेव्हा ध्यानात आले.

घोड्यांची दौड पाहणे हा निखळ आनंद आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये या शर्यतीला कौशल्याचा खेळ मानले. या गृहस्थांनाही घोड्यांच्या वंशावळी तोंडपाठ होत्या. परंतु टोटवर जमलेल्या रकमेतून कर व क्लबचा वाटा आधी वजा होतो आणि उरलेलेच विजेत्यांना मिळते. त्यामुळे एखादा जिंकला, तरी सारे खेळणारे मिळून तोट्यातच राहतात. त्यातच थोडक्यात हुकलेली पैजही मनाला चेतवते आणि गेलेले भरून काढण्यासाठी पुन्हा पैसे लावले जातात. जागतिक आरोग्य संघटना अशा अनावर जुगाराला व्यसनजन्य विकारच मानते.

वाचकहो, घरातील कोणी पैजा लपवीत असेल, उसनवारी करीत असेल, तर त्यास दूषणे देऊ नका. गुपचूप कर्जही फेडू नका. पैशांचे व्यवहार काही काळ दुसऱ्याकडे सोपवा आणि त्याच्यासोबत डॉक्टरांकडे जा. टेलि-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो.

मी मात्र आता रक्तदाब मोजताना तंबाखू व मद्याबरोबर पैजेबद्दलही विचारतो.