तालुका आणि मंत्रालय : शरद पवार यांच्या कारकीर्दीचा एक अभ्यास

बारामतीहून इंदापूरकडे जाणाऱ्या रस्त्याच्या परिसरात, काटेवाडीच्या शेजारी, कन्हेरी नावाचे एक गाव आहे. तेथील मारुतीपुढे नारळ फोडून निवडणुकीच्या प्रचारास आरंभ करावयाचा, असा काटेवाडीच्या पवार कुटुंबाचा प्रघात आहे. महाराष्ट्रात असे प्रघात गावोगाव आढळतात आणि एरवी त्यांची नोंद राज्यशास्त्राच्या अभ्यासकाने घ्यावी असे काही नसते. परंतु २०२४ सालच्या निवडणुकांत याच कुटुंबाच्या दोन परस्परविरोधी शाखांनी याच मारुतीपुढे नारळ फोडले, आणि त्यामुळे एक जुना प्रश्न नव्याने उभा राहिला. बारामतीचा मतदार इतकी वर्षे ज्याला मत देत आला, ते नेमके काय होते? पक्ष, व्यक्ती, की आणखी काही?

शरद पवार यांच्या राजकारणाविषयी जे लेखन होते, त्यातील बहुतेक मुंबई आणि दिल्ली यांवर दृष्टी ठेवून झालेले असते. कोणी कोणाची साथ केव्हा सोडली, याचाच हिशेब त्यात अधिक असतो. प्रस्तुत लेखात हा क्रम उलटा धरला आहे. तालुक्याची घडण प्रथम पाहून मग राज्याच्या राजकारणाकडे वळावे, म्हणजे या कारकीर्दीतील कित्येक कोडी सुटतात, असे आमचे मत आहे. सगळी सुटतात असा दावा मात्र नाही.

बारामती आणि इंदापूर हे तालुके मूळचे अवर्षणप्रवण. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस भाटघरच्या धरणाचे पाणी नीरा डाव्या कालव्याने या मुलखात आले, आणि त्याबरोबर ऊस आला. विसाव्या शतकाच्या आरंभी विश्वेश्वरय्या यांनी पाणीवाटपाची 'ब्लॉक' पद्धत याच कालव्याच्या क्षेत्रात रूढ केली. सासवडचे माळी बागाईतदार खंडाने जमिनी घेऊन उसाची लागवड करू लागले, आणि त्यांच्याकडे पाहून स्थानिक कुणबी शेतकरीही उसाकडे वळला. कालव्याने तालुक्याचे दोन भाग पाडले. पाटाखालचा बागाईत पट्टा एकीकडे, आणि सुपे, मोरगाव, लोणी भापकर या बाजूचा जिराईत पट्टा दुसरीकडे. ही रेघ अद्याप पुसली गेलेली नाही. जिराईत भागासाठी आखलेल्या जानाई-शिरसाई उपसा सिंचन योजनेचे पाणी हा तेथील प्रत्येक निवडणुकीतील बोलण्याचा विषय असतो.

बागाईत पट्ट्यातील राजकारण समजण्यासाठी ऊस पिकविणाऱ्या शेतकऱ्याचे वर्ष कसे जाते ते पाहिले पाहिजे. त्याला पीककर्ज लागते. ते गावच्या विविध कार्यकारी सोसायटीमार्फत जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेकडून येते. त्याला पाटपाण्याची पाळी वेळेवर मिळावी लागते. ऊस तयार झाला की तोड वेळेवर यावी लागते, कारण तोड लांबली तर उसाचे वजन घटते आणि पुढचे पीकही मागे पडते. अखेरीस त्याला दर मिळावा लागतो. या चारांपैकी तीन गोष्टी निवडून आलेल्या संचालकांच्या हाती असतात, आणि चौथी, म्हणजे पाणी, सरकारच्या. शिवाय सहकारी साखर कारखान्याच्या भागभांडवलात राज्य शासनाचा वाटा असतो, त्याच्या कर्जाला शासनाची हमी लागते. १९५० साली प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी जो पायंडा घातला, त्याचा विस्तार पुढे या धोरणावरच झाला. १९६० चा सहकारी संस्था कायदा आणि १ मे १९६२ पासून अस्तित्वात आलेल्या जिल्हा परिषदा यांनी त्याला चौकट दिली. तात्पर्य, ज्या तालुक्यात माळेगाव, सोमेश्वर यांसारखे कारखाने उभे आहेत आणि शेजारी इंदापूरच्या हद्दीत भवानीनगरचा छत्रपती कारखाना आहे, त्या तालुक्याला राज्याच्या मंत्रिमंडळात आपला माणूस असणे ही केवळ प्रतिष्ठेची बाब राहत नाही. तो शेतीच्या खर्चाचाच एक भाग होऊन बसतो.

पवार यांचा जन्म १२ डिसेंबर १९४० चा. वडील गोविंदराव हे बारामतीच्या सहकारी खरेदी-विक्रीच्या कामात होते. आई शारदाबाई १९३८ मध्ये पुणे जिल्हा लोकल बोर्डावर निवडून गेल्या. त्या काळी ग्रामीण भागातील स्त्रीने असे काम करणे ही असाधारण गोष्ट होती, आणि घरातील राजकीय शिक्षणाचे मूळ वडिलांपेक्षा आईकडे अधिक होते असे म्हणण्यास आधार आहे. शारदाबाईंचा ओढा शेतकरी कामगार पक्षाकडे होता. धाकट्या शरदने मात्र पुण्यास महाविद्यालयात असतानाच काँग्रेसचा मार्ग धरला. १९६० मध्ये केशवराव जेधे यांच्या निधनाने रिकाम्या झालेल्या बारामती लोकसभा मतदारसंघात पोटनिवडणूक झाली, तेव्हा थोरले बंधू वसंतराव शेकापच्या बाजूने उभे होते आणि शरद पवार काँग्रेसच्या उमेदवाराचा प्रचार करीत होते. घरात दोन पक्ष आणि दोन्हींना घराची मुभा, हा प्रकार २०२३ साली प्रथमच घडला असे समजणाऱ्यांनी ही पोटनिवडणूक ध्यानात ठेवावी.

१९६७ साली यशवंतराव चव्हाणांच्या आग्रहाने त्यांना बारामतीची विधानसभेची उमेदवारी मिळाली. तालुक्यातील जुन्या काँग्रेस कार्यकर्त्यांचा तिला विरोध होता, तरी ते निवडून आले. वय सव्वीस. त्याच सुमारास या भागात दुष्काळ पडला होता. 'कासा' या ख्रिस्ती मदतसंस्थेच्या धान्याच्या मोबदल्यात पाझर तलावांची कामे निघाली, आणि त्या अनुभवातून थोरले बंधू आप्पासाहेब पवार यांच्या पुढाकाराने शेतीविकासाचा न्यास उभा राहिला. १९७२ मध्ये विद्या प्रतिष्ठानची स्थापना झाली. या कामांकडे बारकाईने पाहिले तर एक गोष्ट दिसते : कारखाना आणि सोसायटी बागाईतदाराला बांधून ठेवतात, पाझर तलाव आणि शाळा जिराईतदाराला. ज्या नेत्याचा पाया केवळ पाटाखालच्या उसात होता, त्याला तालुक्याचा दुसरा अर्धा भाग याच मार्गाने मिळाला. हे सारे हेतुपूर्वक आखले होते असे नव्हे. दुष्काळाने कामे समोर आणली आणि ती करणारी माणसे जवळ होती.

१९७२ मध्ये पुन्हा निवडून आल्यावर वसंतराव नाईक यांच्या मंत्रिमंडळात ते गृहखात्याचे राज्यमंत्री झाले. यापुढील पाच वर्षे फारशी उलथापालथीची नाहीत. खरी कसोटी १९७८ ची.

फेब्रुवारी १९७८ च्या विधानसभा निवडणुकीत २८८ जागांपैकी जनता पक्षाला ९९, काँग्रेसला (जिला लोक रेड्डी काँग्रेस म्हणत) ६९ आणि इंदिरा काँग्रेसला ६२ जागा मिळाल्या. दोन काँग्रेस मिळून १३१ होतात. बहुमताला १४५ लागत. मार्चमध्ये वसंतदादा पाटील मुख्यमंत्री आणि इंदिरा काँग्रेसचे नासिकराव तिरपुडे उपमुख्यमंत्री असे संयुक्त मंत्रिमंडळ अपक्षांच्या आधाराने स्थापन झाले. ते चार महिने चालले, पण एकदिलाने एक दिवसही नाही. जुलैत पवार, सुंदरराव सोळंके, सुशीलकुमार शिंदे आणि दत्ता मेघे यांच्यासारखे सहकारी व चाळीसच्या आसपास आमदार बाहेर पडले, आणि १८ जुलै १९७८ रोजी जनता पक्ष, शेकाप व अन्य पक्षांच्या साहाय्याने पवार मुख्यमंत्री झाले. तेव्हा त्यांना अडतिसावे वर्ष चालू होते. आघाडीचे नाव पुरोगामी लोकशाही दल.

या घटनेला 'पाठीत खुपसलेला खंजीर' हे नाव पडले आणि ते चिकटले. वसंतदादांच्या बाजूने पाहिले तर ते नाव अनाठायी म्हणता येणार नाही. अधिवेशन चालू असता स्वतःच्या मंत्र्यांनी सरकार पाडणे यास दुसरा शब्द नाही. परंतु विश्लेषकाने व्यक्तीच्या निष्ठेपाशी थांबू नये. दोन काँग्रेसमधील कलह वर दिल्लीत होता, खाली तालुक्यांत दोहोंचे कार्यकर्ते एकाच कारखान्याच्या आणि एकाच बँकेच्या सत्तेसाठी झगडत होते. जनता पक्षाशी मात्र पश्चिम महाराष्ट्राच्या सहकारी क्षेत्रात त्यांचा तितका संघर्ष नव्हता. दूरच्या विरोधकाशी समझोता सोपा, शेजारच्या भाऊबंदाशी कठीण, हे येथे पूर्णपणे लागू पडते. गंमत अशी की, ज्या शेकापविरुद्ध १९६० मध्ये पवारांनी प्रचार केला, त्याच पक्षाचे एन. डी. पाटील, जे त्यांचे मेहुणेही होते, या मंत्रिमंडळात सहकारमंत्री झाले.

पुलोद सरकारची कारकीर्द जेमतेम १९ महिन्यांची. तेवढ्यात दोन गोष्टी घडल्या, त्यांचे परिणाम दीर्घकाळ राहिले. २७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठास डॉ. आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने संमत केला. त्यानंतर मराठवाड्यात दलित वस्त्यांवर भीषण हल्ले झाले, ठराव अंमलात आला नाही, आणि नामविस्तार व्हावयास १४ जानेवारी १९९४ उजाडावा लागला. त्या वेळीही मुख्यमंत्री पवारच होते. ठराव करण्यातील धैर्य आणि तो पार पाडण्यातील सोळा वर्षांची दिरंगाई, या दोहोंचा हिशेब एकाच खात्यावर मांडावा लागतो. दुसरी गोष्ट रोजगार हमीची. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून निघालेल्या योजनेचा कायदा १९७७ मध्ये संमत झाला होता. तो २६ जानेवारी १९७९ रोजी, या सरकारच्या काळात, लागू झाला. पुढे १९९० मध्ये पवार पुन्हा मुख्यमंत्री असताना याच योजनेला फळबागांची जोड मिळाली, आणि जिराईत शेतकऱ्याच्या बांधावर आंबा, डाळिंब, बोर दिसू लागले. पाझर तलावाच्या बारामतीतील अनुभवाशी या धोरणाचे नाते स्पष्ट आहे.

१७ फेब्रुवारी १९८० रोजी केंद्राने सरकार बरखास्त केले. त्यानंतरच्या निवडणुकीत इंदिरा काँग्रेसला १८६ जागा मिळाल्या आणि पवारांच्या पक्षाला ४७. त्यांतीलही बरेच आमदार पुढे सत्तेकडे निघून गेले. पवार विरोधी पक्षनेते झाले. १९८४ मध्ये ते लोकसभेवर गेले, १९८५ मध्ये परत विधानसभेत आले, डिसेंबर १९८६ मध्ये औरंगाबाद येथे राजीव गांधींच्या उपस्थितीत मूळ पक्षात परतले आणि जून १९८८ मध्ये पुन्हा मुख्यमंत्री झाले. १९९१ मध्ये संरक्षणमंत्री, मार्च १९९३ मध्ये मुंबईतील दंगलींनंतर पुन्हा मुख्यमंत्री, १९९५ मध्ये पराभव, १९९९ मध्ये राष्ट्रवादी काँग्रेस, २००४ ते २०१४ केंद्रात कृषिमंत्री. हा क्रम सर्वांस माहीत आहे.

आता बारामतीचा मतपत्रिकेवरील इतिहास पाहावा. १९६७ आणि १९७२ : काँग्रेस. १९७८ : रेड्डी काँग्रेस. १९८० : अरस काँग्रेस. १९८५ : समाजवादी काँग्रेस. १९९० : पुन्हा राष्ट्रीय काँग्रेस. पक्षाचे नाव आणि चिन्ह बदलत गेले, विधानसभेचा उमेदवार तोच राहिला आणि प्रत्येक वेळी निवडून आला. यावरून मतदार व्यक्तिपूजक आहे असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. पण त्याच काळात बारामती लोकसभा मतदारसंघाचे निकाल निराळे आहेत. १९७७ मध्ये तेथे जनता पक्षाचे संभाजीराव काकडे निवडून आले, १९८० मध्ये इंदापूरचे शंकरराव बाजीराव पाटील इंदिरा काँग्रेसकडून, आणि १९८५ च्या पोटनिवडणुकीत पुन्हा काकडे. म्हणजे ज्या क्षेत्रात पवारांच्या संस्थांचे जाळे होते तेथपर्यंत त्यांचे नाव पुरेसे होते. ते जाळे जेथे विरळ झाले तेथे इंदापूरचे घराणे किंवा निंबुतचे काकडे आपापल्या जाळ्याच्या बळावर उभे राहू शकत. तालुक्याच्या आतही ही निष्ठा आंधळी नव्हती. २०१५ साली माळेगाव कारखान्याच्या निवडणुकीत सभासदांनी पवारविरोधी गटाला सत्ता दिली, आणि तेच सभासद विधानसभेला वेगळे मत देत राहिले.

जुलै २०२३ मध्ये राष्ट्रवादी काँग्रेस दुभंगली आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये निवडणूक आयोगाने पक्षाचे नाव व घड्याळ हे चिन्ह अजित पवार यांच्या गटास दिले. १९९१ पासून बारामतीची आमदारकी अजित पवारांकडे होती, आणि कारखाने, बँक व तालुक्यातील दैनंदिन कामकाज यांवरील पकडही त्यांच्याकडे गेलेली होती. व्यक्ती एकीकडे व संस्था दुसरीकडे, अशी विभागणी आजवर झालेली नव्हती. लोकसभेच्या निवडणुकीत सुप्रिया सुळे यांनी सुनेत्रा पवार यांचा दीड लाखाहून अधिक मतांनी पराभव केला आणि खुद्द बारामती विधानसभा क्षेत्रातही सुमारे ४८ हजारांचे मताधिक्य घेतले. सहा महिन्यांच्या आत त्याच क्षेत्राने अजित पवार यांना युगेंद्र पवार यांच्याविरुद्ध एक लाखाहून अधिक मतांनी निवडून दिले.

भावनेच्या लाटा आणि तिचे ओसरणे, असे या दोन निकालांचे स्पष्टीकरण वृत्तपत्रांतून केले गेले. आम्हास ते अपुरे वाटते. लोकसभेचा सदस्य पाटाच्या पाळीविषयी आणि ऊसतोडीच्या क्रमाविषयी फारसे काही करू शकत नाही. आमदार आणि मंत्री करू शकतो. मतदाराने दिल्लीसाठी एक आणि तालुक्यासाठी दुसरे, असे हिशेब वेगळे ठेवले. १९८० मध्ये याच मुलखाने लोकसभेला शंकरराव पाटील आणि विधानसभेला शरद पवार निवडले होते, तेव्हाही हिशेब दोनच होते. फरक इतकाच की, त्या वेळी तालुक्याचे खाते शरद पवारांच्या नावावर होते.