हॉटेलातली थाळी आणि रोझाची खोली

केंद्र सरकारच्या २०२३-२४च्या घरगुती खर्च सर्वेक्षणानुसार शहरी कुटुंबाच्या महिन्याच्या एकूण खर्चातले सुमारे ११ टक्के पैसे पेयं, फराळ आणि तयार खाण्यावर जातात. खाद्यपदार्थांतला हा सगळ्यांत मोठा वाटा. दूध, भाजीपाला, धान्य सगळं त्याच्या मागे आहे.

बाहेरच्या खाण्याचा विषय निघाला की आपलं बोट आपसूक वडापाव-बर्गरकडे जातं. अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठातल्या सुझन रॉबर्ट्स आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये या समजुतीला धक्का दिला. बेंगळुरू, बीजिंग, अक्रा अशा पाच देशांतल्या शहरांतून त्यांनी लोकप्रिय जेवणं विकत घेतली आणि चक्क जाळली! अन्नातली ऊर्जा मोजणारं बॉम्ब कॅलरीमीटर हे यंत्र जाळूनच मोजतं. वाळवलेल्या जेवणाची भुकटी पोलादी भांड्यात ठेवायची, दाबाखाली ऑक्सिजन भरायचा, तारेतून वीज सोडून ती पेटवायची आणि भोवतीचं पाणी किती तापलं ते मोजायचं. टेबलावर बसून निवांत जेवायच्या हॉटेलांतल्या शंभरातल्या ९४ जेवणांत ६०० किंवा त्याहून जास्त किलोकॅलरी निघाल्या. फास्टफूडचा आकडा होता ७२. म्हणजे रविवारी सहकुटुंब जातो ते हॉटेलच पुढे!

पण यंत्रात जळतं तेवढं सगळं शरीराला मिळतं का? १८९०च्या दशकात अमेरिकेतल्या वेस्लियन विद्यापीठात विल्बर अ‍ॅटवॉटर यांनी हे तपासलं. पुस्तकांत नाव त्यांचंच मोठं, पण मला कौतुक एडवर्ड रोझा या भौतिकशास्त्रज्ञाचं. माणूस आत राहू शकेल असा कॅलरीमीटर प्रत्यक्षात उभा राहिला तो त्यांच्या कसबामुळे. खोली जेमतेम घडीची खाट, टेबल आणि खुर्ची मावेल एवढी. धातूच्या दुहेरी भिंती अशा राखलेल्या की त्यांच्यातून उष्णता आत-बाहेर जाऊ नये. आतल्या माणसाची उष्णता नळीतलं गार पाणी वाहून न्यायचं, आणि त्या पाण्याच्या तापमानातल्या बारीक फरकावरून हिशेब व्हायचा. माणूस दिवसचे दिवस आत राही, जेवण झरोक्यातून मिळे, मलमूत्रही तपासलं जाई. ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम जिवंत माणसालाही लागू पडतो, हे तिथे ताळ्यासकट दिसलं. रोझा पुढे विद्युत मापनाकडे वळले आणि आहारशास्त्र त्यांना विसरलं.

आता मूळ प्रश्नाकडे. जळतं तेवढं सगळं शरीराला मिळत नाही: भाकरीतला कोंडा यंत्रात छान पेटतो, पोटात मात्र त्याचा बराचसा भाग न पचता पुढे सरकतो. तेलाचं तसं नाही, ते जवळजवळ पूर्ण पचतं. हॉटेलात कांदा-टोमॅटो-काजूची ग्रेव्ही सकाळीच घाऊक शिजवून ठेवतात, ऑर्डर आली की तिला पुन्हा तेल-बटर. मसाल्यांचा बराचसा गंध स्निग्धातच विरघळतो, म्हणून ते सढळ पडतं. तर्रीचा एक मोठा चमचा म्हणजे साधारण १४ ग्रॅम तेल, सव्वाशे किलोकॅलरी. घरी तेलाची बुधली आपल्या हातात असते. तिथे ती दिसतही नाही.

दहा किंवा जास्त शाखांच्या उपाहारगृहांना २०२२ पासून मेनूवर कॅलरी छापाव्या लागतात. या नियमाचा फार गवगवा झाला, पण मला तो अपुरा वाटतो. बटर नान-पनीर आणि भाकरी-पिठलं-मेथी यांचा आकडा वाढप कमी-जास्त करून सारखाच येऊ शकतो. आणि सारख्या आकड्याचं जेवणही सारखं खाल्लं जात नाही. अमेरिकेतले संशोधक केविन हॉल यांच्या २०१९ मधल्या प्रयोगात वीस जणांना महिनाभर संशोधन रुग्णालयात ठेवलं, दोन आठवडे अतिप्रक्रियित अन्नावर आणि दोन आठवडे साध्या अन्नावर. समोर ठेवलेल्या ताटांत कॅलरी, साखर, मीठ, स्निग्ध, तंतू सारखे राखलेले, खायचं पोटभर. अतिप्रक्रियित जेवणावर माणसं रोज सुमारे ५०० किलोकॅलरी जास्त खाऊन गेली, आणि भरभर खाऊन गेली. समोरच्या ताटातला कॅलरीचा आकडा सारखा असूनही.

म्हणून मेनूवर कॅलरीशेजारी मीठ, तेल आणि तंतूही ग्रॅममध्ये हवेत. मिठाची जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी आहे. एका जेवणात त्यातलं किती संपलं, हे पैसे देणाऱ्याला कळायलाच हवं.