पोलंडच्या सीमा : रेषा, राष्ट्र आणि रहिवासी

राष्ट्राच्या सीमेसंबंधी दोन कल्पना सामान्यतः रूढ आहेत. पर्वत, नद्या व समुद्र यांनी सीमा निसर्गतःच आखून दिलेली असते, ही एक. आणि एका भाषेचा समाज जेथवर वस्ती करून असतो तेथवर त्याचे राष्ट्र पसरलेले असते, ही दुसरी. युरोपात या दोन्ही कल्पनांचा पुरस्कार वारंवार झाला. परंतु प्रत्यक्ष सीमा बहुधा ठरल्या त्या बलाबलाने. या दृष्टीने पोलंडचे उदाहरण विशेष उद्बोधक आहे.

पोलंडच्या दक्षिणेस पर्वत व उत्तरेस बाल्टिक समुद्र आहे. पूर्वेस व पश्चिमेस मात्र सलग मैदान आहे. इ. स. १५६९ मध्ये लिथुएनियाशी झालेल्या संयोगाने हे राज्य युरोपातील सर्वांत विस्तीर्ण राज्यांपैकी एक बनले. पुढे ते अंतर्गत दौर्बल्याने ग्रासले गेले, आणि १७७२, १७९३ व १७९५ अशा तीन फाळण्यांत रशिया, प्रशिया व ऑस्ट्रिया यांनी ते वाटून घेतले. (दुसऱ्या फाळणीत ऑस्ट्रियाचा वाटा नव्हता.) यानंतर १२३ वर्षे स्वतंत्र पोलंड नकाशावर नव्हता, भाषा, धर्म व वाङ्मय यांच्या आश्रयाने पोलिश राष्ट्र मात्र टिकून राहिले. राज्य व राष्ट्र या दोन वस्तू एक नव्हेत, हे यावरून स्पष्ट होते.

पहिल्या महायुद्धात तिन्ही साम्राज्ये कोसळली आणि १९१८ मध्ये पोलंड पुन्हा उभा राहिला. अमेरिकेचे अध्यक्ष विल्सन यांनी आपल्या चौदा कलमांपैकी तेराव्या कलमात, निर्विवाद पोलिश वस्तीच्या प्रदेशाचे स्वतंत्र राज्य असावे व त्यास समुद्राकडे जाण्याचा मार्ग असावा, असे म्हटले होते. परंतु निर्विवाद वस्ती शोधणे हेच मुळात दुर्घट होते. शहरात एक भाषा, तर भोवतालच्या खेड्यांत दुसरी, अशी स्थिती अनेक ठिकाणी होती. अप्पर सायलीशियात १९२१ मध्ये सार्वमत घेण्यात आले. सुमारे साठ टक्के मते जर्मनीच्या बाजूने पडली, तरीही गावोगावचे कौल भिन्न असल्याने अखेर तो प्रदेश विभागावा लागला.

पूर्वेकडे मित्रराष्ट्रांनी सुचविलेल्या रेषेस ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री लॉर्ड कर्झन यांचे नाव मिळाले. १९०५ मध्ये बंगालची फाळणी करणारे व्हाइसरॉय ते हेच. पोलंडने मात्र रशियाशी युद्ध करून १९२१ च्या रीगा तहान्वये या रेषेच्या बऱ्याच पूर्वेपर्यंत मुलूख मिळविला. परिणामी नव्या राज्याची जवळजवळ एकतृतीयांश प्रजा युक्रेनियन, ज्यू, बेलोरशियन, जर्मन इत्यादी पोलिशेतर समाजांची होती.

१९३९ च्या ऑगस्टमध्ये जर्मनी व सोव्हिएट संघ यांनी गुप्तपणे या देशाची विभागणी ठरविली आणि सप्टेंबरात ती अंमलात आणली. युद्धाअखेरीस स्टालिन, रूझवेल्ट व चर्चिल यांनी १९४५ मध्ये याल्टा येथे पूर्वसीमा स्थूलमानाने कर्झन रेषेवर निश्चित केली. त्याच वर्षी पॉट्सडॅम येथे ओडर व नायसे या नद्यांपर्यंतचा जर्मन प्रदेश पोलंडच्या ताब्यात देण्यात आला. पूर्वेस सुमारे १,८०,००० चौ. किमी. प्रदेश गेला, पश्चिमेस व उत्तरेस सुमारे १,००,००० मिळाला. देश जणू पश्चिमेकडे सरकविला गेला.

१९१९ नंतर सीमा वस्तीस अनुसरून आखण्याचा निदान प्रयत्न झाला होता. १९४५ मध्ये सीमा आधी आखली गेली आणि वस्ती तिला अनुसरून हलविण्यात आली. लक्षावधी जर्मन पश्चिमेस हाकलले गेले, दहा लाखांहून अधिक पोल पूर्वेकडून आणले गेले, युक्रेनियनांना सोव्हिएट हद्दीत पाठविण्यात आले. सुमारे तीस लाख पोलिश ज्यूंचा तर नाझींनी आधीच संहार केला होता. आज पोलंडमध्ये दिसणारी भाषिक एकरूपता हे या घटनांचे फलित होय. ती प्राचीन वा नैसर्गिक नव्हे.

या सीमेस मान्यता मिळण्यासही दीर्घ काळ लागला. पूर्व जर्मनीने १९५० मध्ये व पश्चिम जर्मनीने १९७० मध्ये ती स्वीकारली. अंतिम करार एकीकृत जर्मनीशी १४ नोव्हेंबर १९९० रोजी झाला. पूर्वेकडील रेषा प्रायः तीच राहिली. मात्र १९९१ नंतर तिच्या पलीकडे सोव्हिएट संघाच्या जागी लिथुएनिया, बेलारूस व युक्रेन ही स्वतंत्र राज्ये आली.

या इतिहासाचा एक धागा महाराष्ट्रापर्यंत येतो. पूर्व पोलंडमधून सोव्हिएट संघाच्या अंतर्भागात हद्दपार झालेल्यांपैकी काही लोक इराणमार्गे भारतात आले, आणि १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळील वळिवडे येथील छावणीत सुमारे पाच हजार पोल राहिले. त्यांत स्त्रिया व मुलेच अधिक होती. युद्ध संपले तेव्हा त्यांच्यापैकी बहुतेकांची गावे पोलंडमध्ये राहिलीच नव्हती. घर तेथेच होते, देश तेथून निघून गेला होता. ही मंडळी निरनिराळ्या देशांत पांगली, आणि त्याच जागी भारताच्या फाळणीमुळे सिंध सोडावे लागलेल्या निर्वासितांची गांधीनगर ही वसाहत उभी राहिली. सीमांचा अभ्यास करताना तहांच्या तारखांबरोबर अशा स्थलांतरांचीही नोंद ठेवणे म्हणूनच अगत्याचे आहे.