पंचतारांकित हॉटेलची खरी तिजोरी

मोहन्या-आंबिवलीहून पहाटेची लोकल पकडून मुंबईला कामावर जाणाऱ्यांत मोठ्या हॉटेलांत नोकरी करणारी मुलेमुलीही असतात. कुणी हाऊसकीपिंगला, कुणी किचनमध्ये, कुणी रिसेप्शनवर. घरच्या वडीलधाऱ्यांना वाटते, चादरी बदलायच्या आणि ताटे उचलायची, यात शिकण्यासारखे ते काय? या प्रश्नाचे उत्तर ज्या विषयात दडले आहे, त्याला व्यवस्थापनशास्त्रात ‘ज्ञानव्यवस्थापन’ असे भारदस्त नाव आहे. नावाने दचकू नका. एकाला कळलेली गोष्ट दुसऱ्याला वेळेवर कळावी आणि पहिला माणूस नोकरी सोडून गेला तरी ती संस्थेत उरावी, एवढाच त्याचा अर्थ.

झुंबरे, संगमरवर, मऊ गाद्या पैसे टाकले की कुणालाही विकत मिळतात. समोरच्या हॉटेलातही त्या असतातच. मग पाहुणा पुन्हा इथेच का येतो? समजा, एका पाहुण्याला पिसांची उशी सोसत नाही. हे सर्वांत आधी कळते ते मॅनेजरला नव्हे, तर खोली आवरणाऱ्या मुलीला. उशी रोज खुर्चीवर टाकलेली तिला दिसते. तिने ते कुणाला सांगितले नाही, तर ते ज्ञान तिच्या शिफ्टबरोबर घरी जाते. तिने नोंद केली, ती संगणकात चढली आणि सहा महिन्यांनी त्याच कंपनीच्या दुसऱ्या शहरातल्या हॉटेलात पाहुण्याला कापसाची उशी आधीच मांडलेली दिसली, तर तो सहसा दुसरीकडे जात नाही.

यात पैशाचा हिशेब आहे. आज रात्री रिकामी राहिलेली खोली उद्या विकता येत नाही. म्हणून हॉटेलची कामगिरी मोजताना उपलब्ध खोलीमागे रोज किती उत्पन्न झाले, हे पाहतात. परत येणारा पाहुणा बहुधा थेट खोली मागतो, दलालाचे कमिशन वाचते आणि भावासाठी तो फारशी घासाघीसही करत नाही. अमेरिकेच्या रिट्झ-कार्लटन कंपनीने हे फार पूर्वी ओळखले. तिथे कर्मचाऱ्यांच्या खिशात पाहुण्यांच्या आवडीनिवडी टिपायला छोटे पॅड असे आणि रोज शिफ्टच्या सुरुवातीला उभ्या-उभ्या छोटी बैठक होई. दर्जासाठीचा माल्कम बाल्ड्रिज हा राष्ट्रीय पुरस्कार या कंपनीला 1992 आणि 1999 असा दोनदा मिळाला. अर्थात, कुणाच्या सवयींची अशी वही ठेवणे ही जोखीमही आहे. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा आपल्याकडे 2023 मध्ये झाला, तो काही उगाच नव्हे.

पण सगळेच ज्ञान वहीत मावत नाही. जपानच्या मात्सुशिता कंपनीला 1980च्या दशकात घरी पाव करणारे यंत्र बनवायचे होते आणि कणीक काही नीट मळली जाईना. शेवटी इकुको तानाका ही कंपनीची तंत्रज्ञ ओसाका इंटरनॅशनल हॉटेलच्या मुख्य पाववाल्याकडे उमेदवारीला राहिली. कणीक ताणता-ताणता तो तिला एक विशिष्ट पीळ देतो, हे तिने त्याच्या हातांकडे पाहून हेरले. त्याला स्वतःला ते शब्दांत सांगता आले नसते. तशीच क्रिया यंत्रात आणल्यावर पाव जमला. आपल्याकडे आजीच्या हातची पुरणपोळी वहीत उतरवताना नेमकी हीच पंचाईत होते.

म्हणून चांगली हॉटेले प्रशिक्षणावर वेळ खर्च करतात. मुंबईचे ताजमहाल हॉटेल डिसेंबर 1903 मध्ये सुरू झाले. 26 नोव्हेंबर 2008च्या हल्ल्यानंतर रोहित देशपांडे आणि अंजली रैना यांनी हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूत 2011 मध्ये या हॉटेलवर लेख लिहिला. इतरत्र साधारण 12 महिने चालणारे प्रशिक्षण ताज समूहात 18 महिने चालते, आणि भरतीसाठी महानगरांपेक्षा लहान शहरांकडे पाहिले जाते, असे त्यांनी नोंदवले. 2001 पासून तिथे कर्मचाऱ्यांच्या चांगल्या कामाला आणि सूचनांना गुण देण्याची पद्धत होती. त्या रात्री 1200 ते 1500 पाहुणे बाहेर पडले आणि त्यांना मदत करताना 11 कर्मचारी प्राणाला मुकले. धैर्य कुठल्या संगणकात भरता येत नाही, त्याचे श्रेय व्यवस्थापनाच्या सूत्राला देणे मला पटत नाही. मात्र पाहुण्यांना कधीच न दिसणाऱ्या मागच्या वाटा त्या माणसांच्या पायांना ठाऊक होत्या, हेही तितकेच खरे.

अडचण वेगळीच आहे. आपल्याला जे येते ते सांगून टाकले, तर उद्या आपली गरज काय, ही भीती जुन्या माणसाला वाटते. अकरा महिन्यांच्या कंत्राटावरची मुलगी तरी टिपणे का ठेवील? मोहन्याला हे समजावून सांगायला नको. एनआरसीचा रेयॉनचा कारखाना 2009 मध्ये बंद झाला, तेव्हा यंत्रांची आणि जमिनीची मोजदाद करता आली. कामगारांच्या हातातल्या कसबाची कुठल्या कागदावर करणार? सांगणाऱ्याचे नाव नोंदीखाली राहते, बढतीच्या वेळी ते मोजले जाते, असे जिथे घडते तिथेच माणसे मोकळेपणाने सांगतात. हे न करता नुसते महागडे सॉफ्टवेअर आणणाऱ्या हॉटेलच्या पडद्यावर रिकामे रकाने दिसतात.

तेव्हा मुलाखतीला जाणाऱ्या आपल्या मुलांनी पगाराबरोबर आणखी एक गोष्ट विचारावी. शिफ्ट बदलताना जाणाऱ्याला आणि येणाऱ्याला एकमेकांशी बोलायला वेळ मिळतो का, आणि तो वेळ पगारात धरतात का?