धूर दिसला, वाफ सुटली

30 ऑक्टोबर 2023 ला मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी कायमची गेली आणि सगळे शहर गहिवरले. पानभर फोटो, आठवणी, सेल्फी. मीही गहिवरलो, पण गिरणगावातल्या करी रोडच्या माणसाला या गहिवरात थोडी लबाडीही दिसते. याच टॅक्सीला वीसेक वर्षांपूर्वी आपण शहराच्या खोकल्याची आरोपी नंबर एक ठरवले होते.

त्याआधीच्या काळाबद्दल सांगण्यासारखे फार नाही. गिरण्यांची धुरांडी चालू होती तोवर पेट्रोलची तक्रार आमच्याकडे कोण करणार? 1989 चे मोटार वाहन नियम आले, मागोमाग पीयूसीची गाडी कोपऱ्यावर उभी राहू लागली. बस्स.

खरी धामधूम 1995 ते 2005. 1 एप्रिल 1995 पासून महानगरांत नव्या गाड्यांसाठी शिसेविरहित पेट्रोल आले; 1 फेब्रुवारी 2000 ला देशभरातूनच शिसे हद्दपार झाले. हे फार मोठे काम होते, आणि त्याचे श्रेय आपण कधीच नीट दिले नाही. 1999 मध्ये ‘स्मोक अफेक्टेड रेसिडेंट्स फोरम’ची वाहनांच्या धुराबद्दलची याचिका उच्च न्यायालयात गेली, त्यावर लाल समिती बसली, 2001 मध्ये आदेश झाला: पंधरा वर्षांवरच्या टॅक्स्यांनी स्वच्छ इंधनावर यावे. आदेश योग्यच होता. पण त्याचा भार कुणी उचलला? 82 च्या संपानंतर गिरणीतून बाहेर फेकले गेलेले कितीतरी हात तेव्हा स्टिअरिंगवर होते. त्यांनी उसनवारी करून गॅसचे किट बसवले. डिकीत सिलिंडर गेला, प्रवाशाची बॅग टपावर चढली. पंप मोजके, त्यामुळे धंद्याची वेळ गॅसच्या रांगेत जायची. वर मुजोर म्हणून शिव्या आपल्याच.

त्याच काळात रांगेशेजारच्या पेट्रोलपंपाला मात्र कुणी काही विचारत नव्हते. टँकर जमिनीखालच्या टाकीत रिकामा होतो तेव्हा टाकीतली वाफ व्हेंट पाइपातून वर निघते. गाडीत पेट्रोल भरताना तीच वाफ भरणाऱ्या पोराच्या नाकातोंडात जाते. तिच्यात बेंझीन असते, कर्करोगाला कारण ठरणारे. ती परत खेचून घेणारी नोझल कॅलिफोर्नियात 1970 च्या दशकातच आली होती. आपल्याकडे हवेतल्या बेंझीनला मर्यादा 2009 मध्ये आली. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची पंपांसाठीची मार्गदर्शक तत्त्वे 7 जानेवारी 2020 ला. जास्त खपाच्या पंपांना वाफ परत घेणारी यंत्रणा, आणि नवा पंप शाळा, इस्पितळ, वस्तीपासून 50 मीटरवर. अगदीच अडले तरी 30 च्या आत नाही. नवा पंप! मध्य मुंबईत चाळीला खेटून बसलेल्या जुन्यांना या अंतराचे काय?

पंपाची ही गत, तर साठ्याची गोष्ट चेंबूरजवळच्या माहूलला जाऊन विचारा. तिथल्या टाक्यांच्या वाफेबद्दल कोळी बांधव हरित लवादात गेले. आमच्या शेजारच्या केईएम इस्पितळाने 2013 मध्ये केलेल्या पाहणीत 67.1 टक्के रहिवाशांनी महिन्यात तीनपेक्षा अधिक वेळा धाप लागत असल्याचे सांगितले होते. लवादाने डिसेंबर 2015 मध्ये प्रदूषण मान्य केले आणि ऑगस्ट 2020 मध्ये चार कंपन्यांवर सुमारे 286 कोटींची भरपाई बसवली. दरम्यान, त्याच हवेत शहरातल्या विस्थापितांना सरकारने घरेही दिली होती.

टॅक्सीवाल्याचा धूर डोळ्यांना दिसत होता आणि त्याची गचांडी धरणे सोपे होते. कंपनीची वाफ दिसत नाही, म्हणून तिला वीस वर्षांची सवलत मिळाली, असे माझे मत आहे.

पेट्रोलच्या मापाची तपासणी झाल्याचा वजनमापे खात्याचा दाखला पंपावर लावलेला असतो. वाफेची यंत्रणा शेवटची कधी तपासली आणि ती चालू आहे का, हे सांगणारा फलकही प्रदूषण नियंत्रण मंडळाने त्याच्याच शेजारी लावायला सांगावे. आणि सुरुवात वस्तीला खेटलेल्या जुन्या पंपांपासून करावी.