जीवनाची सामग्री : पृथ्वीवरची की आकाशातली?

गेल्या पावसाळ्यात डोंबिवलीच्या एका शाळेत धूमकेतूंवर बोलायला गेलो होतो. शेवटी नववीतल्या एका मुलीने विचारले, "सर, आपण सगळे बाहेरून आलो का?" मागच्या बाकावरून कोणीतरी परस्पर उत्तर दिले, "डोंबिवलीत सगळे बाहेरूनच आलेत!" हशा पिकला, पण प्रश्न तसाच राहिला. खरे तर त्यात दोन प्रश्न आहेत आणि वर्गात त्यांची हमखास गल्लत होते. सजीव अवकाशातून आले का, हा एक. सजीव ज्या रसायनांचे बनतात ती अवकाशातून आली का, हा दुसरा.

पहिल्या प्रश्नावर आपल्याकडे मोठा प्रयोग झालेला आहे. धूमकेतूंच्या धुळीबरोबर सूक्ष्मजीव पृथ्वीवर येतात, असे फ्रेड हॉयल आणि चंद्रा विक्रमसिंघे यांचे मत होते. नुसता वाद घालण्यापेक्षा उंचावरची हवा आणून तपासू, अशी डॉ. जयंत नारळीकरांची भूमिका. इस्रोच्या साहाय्याने २१ जानेवारी २००१ रोजी हैदराबादहून, टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या तळावरून बलून सोडले गेले. २० एप्रिल २००५ रोजी पुन्हा एकदा. उंची ४१ किलोमीटरपर्यंत.

तेथे हवा जमिनीलगतच्या हवेच्या सुमारे साडेतीनशेव्या भागाइतकी विरळ असते. ती पुरेशी गोळा कशी करायची? पोलादी नळकांडी आधी निर्जंतुक आणि निर्वात केली आणि द्रव निऑनमध्ये बुडवून ठेवली. निऑन उणे २४६ अंश सेल्सियसला उकळते. इतक्या थंडीत आत शिरलेली हवा गोठून बसते, पोकळी कायम राहते आणि आणखी हवा ओढली जाते. ठरावीक उंचीवर झडपा उघडायच्या, मिटायच्या आणि नळकांडी हवाई छत्रीने खाली आणायची.

२००५ चे नमुने हैदराबादच्या सीसीएमबी आणि पुण्याच्या राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्र या दोन प्रयोगशाळांनी स्वतंत्रपणे तपासले. जीवाणूंच्या बारा आणि बुरशीच्या सहा वसाहती वाढल्या. तीन जीवाणू नवीन जातींचे निघाले आणि अतिनील किरणांना त्यांच्या नातलगांपेक्षा जास्त दाद न देणारे. त्यांना हॉयल, इस्रो आणि आर्यभट यांची नावे दिली गेली. वृत्तपत्रांना एवढे पुरेसे होते. संशोधकांनी मात्र २००९ मध्ये स्पष्ट सांगितले, की यातून परग्रहीय उगम निर्णायकपणे सिद्ध होत नाही.

माझे मत विचाराल तर हे जीव खालूनच वर गेले असावेत. बहुतेक वसाहती ओळखीच्या जातींच्या होत्या. आर्यभटांच्या नावाचा जीवाणू पुढे शेतांतल्या मातीत, पिकांच्या मुळांपाशी सापडत गेला. आणि जमिनीवरचा कण इतक्या उंच जाऊच शकत नाही असेही नाही. जानेवारी २०२२ मध्ये टोंगाजवळच्या ज्वालामुखीचा लोट ५० किलोमीटरच्या वर पोहोचला होता. तरीही प्रयोग करायलाच हवा होता. तो झाला नसता तर आपण आजही मतांवरच भांडत बसलो असतो.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र बरेच भक्कम आहे. २८ सप्टेंबर १९६९ रोजी ऑस्ट्रेलियात मर्चिसन येथे कार्बनयुक्त अशनी पडला. त्यात अमिनो आम्ले आढळली, आणि त्यांतली कित्येक पृथ्वीवरचे सजीव प्रथिनांत वापरत नाहीत अशी. म्हणजे ती कोणाच्या हाताची लागलेली नव्हती. हवेतून येताना ती जळली कशी नाहीत? भरतासाठी वांगे भडक जाळावर क्षणभर धरून काढले, तर साल करपते आणि गर कच्चा राहतो. अशनीचा प्रवास काही सेकंदांचाच असतो, त्यामुळे आतला भाग थंड राहतो.

प्रत्येक अशनी असा नसतो, हे मुलांना जरूर सांगावे. २२ मे २०१२ रोजी नागपूर जिल्ह्यात काटोलला अशनी पडले. ते आपल्या मूळ लघुग्रहातच शेकडो अंशांना भाजून निघालेल्या प्रकारचे आहेत. जीवनाची नाजूक रसायने शोधायला असा दगड कामाचा नाही.

पडलेल्या दगडाला पृथ्वीचा स्पर्श होतोच, म्हणून आता लघुग्रहावरूनच माती आणतात. बेन्नू लघुग्रहावरची सुमारे १२० ग्रॅम माती सप्टेंबर २०२३ मध्ये बंद कुपीतून आली. जानेवारी २०२५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले : सजीवांच्या प्रथिनांतल्या वीसपैकी चौदा अमिनो आम्ले, शिवाय डीएनए आणि आरएनए यांचे पाचही मूलघटक. अर्थात, विटा सापडल्या म्हणजे घर सापडले असे नव्हे. या रसायनांपासून पेशी कशी झाली हे बेन्नू सांगत नाही. शिवाय काही सामग्री इथेही तयार झाली असेल. वायूंच्या मिश्रणात ठिणग्या पाडून अमिनो आम्ले मिळवता येतात, हे स्टॅन्ली मिलरने १९५३ मध्येच दाखवले होते.

एक गोष्ट वर्गात हातमोज्यांची जोडी नेऊन दाखवता येईल. डावा मोजा उजव्या हातात नीट बसत नाही, तशीच बहुतेक अमिनो आम्लांची डावी आणि उजवी रूपे असतात. सजीवांची प्रथिने जवळजवळ केवळ डाव्या रूपांची बनतात. मर्चिसनच्या काही आम्लांत डावी रूपे थोडी जास्त आढळली होती, म्हणून हा डावेपणा आकाशातूनच आला असावा असे अनेकांना वाटत होते. बेन्नूच्या मातीत डावी-उजवी साधारण सारखीच निघाली. त्यामुळे तो कोठून आला, हा प्रश्न पुन्हा उघडा झाला आहे.